काझीचाचांची भट्टी

आमच्या मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळेत ऐन मे महिन्यात पंखा बंद असायचा. छत्रपती संभाजीनगरचा मे, आत हजार डिग्रीची भट्टी, आणि काझीचाचा आपले एकेक खिडकी लावून घेतायत. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "बाळंतीण हाय ती. वारा लागला तर तुम्ही निस्तरणार का?"

चाचा आमचे भट्टीचे तंत्रज्ञ. पस्तीस वर्षं त्या एका भट्टीपाशी काढलेली. संशोधन करणाऱ्यांनी पुडीच्या चकत्या दाबून आणायच्या आणि चाचांनी त्या भाजून द्यायच्या. तापवणं कुणालाही जमतं, निववणं जमत नाही, हे त्यांचं लाडकं मत. सिरॅमिकची चकती सावकाश निवली नाही तर तडकते, म्हणून भट्टी बंद केली की चाचा दारापाशी स्टूल टाकून बसत. एका पाहुण्या शास्त्रज्ञानं मध्येच कडीला नुसता हात लावला, तर चाचांनी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला म्हणे. मी तेव्हा नव्हते, पण मला हे शंभर टक्के खरं वाटतं.

भट्टीवरच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तळहात पालथा करून दारापासून चार बोटं लांब धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "अजून रागात हाय." मग आकडा बघायचे, तोही त्याचं बरोबर येतंय का ते तपासायला. शहागंजात नान घ्यायला गेले तरी नान उलटं करून बघणार आणि तंदूरवाल्याला सुनावणार, तुझी डावी बाजू थंड पडतेय. एकदा मी सोबत होते. लाजेनं मेले अगदी.

त्या वर्षी चाचा निवृत्त होणार होते. चाची वारलेल्या, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. करारावर आणखी दोन वर्षं ठेवून घ्या, असा अर्ज त्यांनी आमच्या विभागप्रमुखांना दिला होता आणि सर जवळजवळ तयार झाले होते. दिवसातून दोनदा तरी चाचा मला विचारायचे, सर काही बोलले का.

त्याच सुमारास माझा प्रकल्प तपासायला समिती येणार होती. वर्षभर खलात पूड घोटून मी कशाबशा सहा चकत्या केल्या होत्या. त्या दाखवल्या तर मुदतवाढ, नाहीतर गाशा गुंडाळायचा. सोमवारी यायची समिती शुक्रवारी दुपारीच टपकली. चाचा नमाजला गेलेले आणि भट्टी अजून तीनशेवर. वर्गात पोरांना मीच शिकवते की घाई करू नका. तरी मला अवदसा आठवली, म्हटलं दार जरासं किलकिलं करू, लवकर निवेल. आतून टक् आवाज आला. मग आणखी पाच वेळा आला.

चाचा परत आले, आत वाकून बघितलं आणि भट्टीची वही माझ्यापुढं ठेवली. दार कुणी उघडलं, किती डिग्रीला उघडलं, हे भट्टीच्या वहीत लिहून सही करायची असते. मी रडत होते, पेन धरवत नव्हतं. चाचांनी ते माझ्या हातातून घेतलं, तीनशे लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. मी वही ओढायला गेले, तर म्हणाले, "गप बसा मॅडम. समिती भाईर उभी हाय."

समितीनं वही बघितली. चूक तंत्रज्ञाची, बाईंची नाही, असं ठरलं आणि मला तीन महिने मिळाले. चाचांचा अर्ज सरांनी त्याच संध्याकाळी परत केला.

सोमवारी सकाळी मी सरांना सगळं खरं सांगून टाकलं. सर हसायलाच लागले. म्हणाले, "काझी म्हणालेच होते, तुम्ही येणार म्हणून. मॅडम लई भोळ्या हायत, माझी चूक स्वतःवर घेतील, त्यांचं ऐकू नका म्हणाले." मी आईची शपथ घेतली, भांडले, टेबलावर हात आपटला. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला.

तिथून तरातरा प्रयोगशाळेत आले आणि चाचांवर तोंड सोडलं. पस्तीस वर्षांत ज्या माणसानं एकदाही वेळेआधी दार उघडलं नाही, त्यानं असं लिहावंच कसं? ते फडक्यानं भट्टी पुसत होते.

"तुमचं काम व्हायचंय अजून," ते म्हणाले. "माझं झालं."

त्यांनी फडक्याची घडी केली, परत उलगडली, परत घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक करा. भट्टी लावाल तवा फोन करत जा. मी यायचा नाय. नुसतं सांगायचं, कितीवर हाय. घरात दिवसभर कुणी काय सांगत नाय ओ."

दुसऱ्या खेपेच्या चकत्या सगळ्या धड निघाल्या, मुदतवाढही मिळाली. आता भट्टी बंद केली की स्टुलावर मी बसते आणि चाचांना फोन लावते. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत ते उचलतात. पाचशे, म्हणते. ते हां म्हणतात. बऱ्याच वेळानं म्हणते, चारशे नव्वद. ते हां म्हणतात, आणि फोन आम्ही दोघंही ठेवत नाही.