कॅरॅव्हॅन विकायची नाही

आधीच सांगून टाकतो, कॅरॅव्हॅन विकायची नाही. कुणी नोएडाहून फोन करायच्या बेतात असेल, तर करू नये. माझ्या मेव्हण्याकडून कुणी नंबर घेतला असेल, तर त्याने तो मेव्हण्यालाच परत करावा. लोक हसले, व्हिडिओ काढले, सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. टाकू देत. मी माझ्या जागेवरून हललेलो नाही. (का हललेलो नाही ते शेवटी कळेलच.)

सुरुवात झाली एका चादरीवरून. गेल्या वर्षी आम्ही जयपूरला गेलो होतो. तिथल्या हॉटेलात हेमांगीला, म्हणजे माझ्या पत्नीला, चादरीवर एक केस सापडला. तो माझा असावा अशी शक्यता मी मांडली.

"तुमचा?" ती माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली. "तुमचा असता तर मी जपून ठेवला असता."

अशा वेळी पुरुषाने काहीतरी ठाम बोलावं लागतं. मी म्हणालो, "बस्स! यापुढे बाहेरगावी आपण आपल्याच अंथरुणावर झोपायचं." तिला वाटलं, मी दोन चादरी विकत घेईन. मी कॅरॅव्हॅन घेतली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत झोपायला बाकं, छोटा ओटा, बेसिन, पंखा, सगळं असतं. फक्त इंजिन नसतं. ती मी फरीदाबादच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. विकताना ते इतके खूश होते की त्यांनी मला मिठी मारली आणि त्यांच्या बायकोने माझ्या हातावर पेढा ठेवला. ती ओढायला लागणारी जीप मात्र माझ्याकडे नव्हती. ती अंशुमनकडे होती. अंशुमन म्हणजे हेमांगीचा धाकटा भाऊ. थोडक्यात, घर माझं आणि ते हलवायचं की नाही हे ठरवणार मेव्हणा.

आम्ही राहतो लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टरमध्ये. मी मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर आहे. आमच्या इमारतीत निदान आठ राज्यांची माणसं राहतात आणि दिवाळीच्या लायटिंगपासून पाण्याच्या वेळेपर्यंत त्यांचं कशावरही एकमत होत नाही. कॅरॅव्हॅन पार्किंगमध्ये उभी राहिली त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा झालं. ही वस्तू इथून हलवावी, असं त्यांनी मला पाच भाषांत सांगितलं.

मी हलवली नाही. उलट त्या शास्त्राचा अभ्यास केला. इथे थोडं थांबून तुम्हालाही सांगतो, कारण हे ज्ञान फुकट मिळत नाही. कॅरॅव्हॅनमध्ये सामान भरताना घरचे स्टीलचे डबे जसेच्या तसे ठेवू नयेत. एका स्पीडब्रेकरला पोहे आणि कपडे धुण्याची पावडर एक होतात. (चव वाईट लागते, पण रंगावरून कळत नाही.) डब्यांच्या मध्ये जुने टॉवेल कोंबावेत आणि प्रत्येक कपाटाला कडी लावावी. गॅसचा छोटा सिलेंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि चालत्या गाडीत कायम बंद. सहलीहून आलं की पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर पुढच्या सहलीला चहाला तळ्याचा वास येतो. टायरची नक्षी बघून फसू नये, त्याचं वय बघावं. उभ्या उभ्या टायर आतून कुजतो. माझ्याकडे बघून इशिता, म्हणजे आमची कन्या, म्हणाली, "बाबा, बिल्कुल तुमच्यासारखंच यार."

आणि सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी. जड सामान नेहमी चाकांच्या वर, मधोमध ठेवायचं. मागच्या टोकाला तर कधीच नाही. आणि जीप सोडवली की आत कुणी पाऊल टाकायच्या आधी कॅरॅव्हॅनच्या चार कोपऱ्यांचे चार लोखंडी पाय हँडल फिरवून जमिनीला टेकवायचे. हे दोन नियम मी कागदावर टाइप करून आतल्या दारावर चिकटवले होते. खाली माझी सहीही होती.

तरीही डिसेंबरच्या अखेरीस अंशुमन आला आणि सोफ्यावर बसायच्या आत म्हणाला, "भावोजी, एक पार्टी आहे. नोएडाची. तुमची कॅरॅव्हॅन घ्यायला तयार आहे."

"त्यांनाही फिरायची हौस आहे का?"

"नाही हो. मोमोचं काउंटर टाकायचंय त्याला."

"मोमो?"

"आणि सोया चाप."

माझ्या अंथरुणाच्या जागी चाप! मी साफ नाही म्हणालो. पण हेमांगीने निकाल राखून ठेवला होता. मग तो तिने दिला.

"संक्रांतीला आपलं मंडळ काला अंबला जातंय. आपण ह्यातून जाऊ. सगळं नीट पार पडलं, चारचौघांत माझी शोभा झाली नाही, तर ठेवा. नाहीतर अंशूने त्याच दिवशी पार्टीला फोन करायचा."

"मंजूर!" मी म्हणालो. चाळीस वर्षांत स्वतःच्या हौसेने घेतलेली ही माझी पहिलीच वस्तू होती. बाकी सगळं आयुष्य सरकारने अलॉट केलेलं.

काला अंब म्हणजे पानिपतजवळचं तिसऱ्या लढाईचं स्मारक. लढाई संक्रांतीच्या दिवसातली, म्हणून दिल्लीतली आम्ही मराठी माणसं दर चौदा जानेवारीला तिथे जातो, माथा टेकतो, एक भाषण ऐकतो आणि तिळगूळ वाटून परत येतो. (पानिपतला जाऊन तुमचं काय झालं असेल, हा विनोद आता तुम्हाला सुचला असेल. माझ्या मेव्हण्याला तो आदल्या रात्रीच सुचला होता आणि सोनीपत येईपर्यंत तो त्याने सगळ्यांना ऐकवला होता.)

आमच्याबरोबर हेमांगीचं वाणही होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना काहीतरी वस्तू देतात, ते वाण. लोक कंगवे देतात, चहाची गाळणी देतात. हेमांगीने यंदा बिडाचे तवे काढले होते. नॉनस्टिकने आजार होतात, असं तिने मोबाइलवर वाचलं होतं. असा एक तवा उचलायला एक हात पुरत नाही. तिच्याकडे मंडळातल्या प्रत्येक बाईला पुरतील इतके होते. ते मी नियमाप्रमाणे चाकांवरच्या मधल्या बाकाखाली रचले. मी आंघोळीला गेल्यावर हेमांगीने ते मागच्या कपाटात हलवले, कारण मधे कुणाची साडी अडकली असती.

हायवेला लागताच कॅरॅव्हॅन डुलू लागली.

"अंशुमन, स्टेअरिंग सरळ धर."

"स्टेअरिंग सरळच आहे, भावोजी. तुमचं घर वाकडं चाललंय."

मागचं वजन वाढलं की असंच होतं, हे मला माहीत होतं. पण मेव्हण्याच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची संधी कोण सोडतो? मी पानिपत येईपर्यंत त्याला शिकवत राहिलो.

तिथे दाट धुकं आणि हाडं गोठवणारा गारठा. नमस्कार झाला, भाषण झालं, तिळगूळ झाला. मंडळाच्या बसची परतायची वेळ व्हायची होती. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्ष सुहासिनीकाकू हात चोळत म्हणाल्या, "हेमांगी, तुझ्या ह्या डब्यात बसून हळदीकुंकू उरकूया का गं? बाहेर जीव जाईल."

हेमांगीचा चेहरा उजळला. आमच्या लग्नानंतर माझ्या एखाद्या खरेदीमुळे तो उजळलेला मी प्रथमच पाहत होतो. अंशुमन म्हणाला, "चलो, मी सगळ्यांना ढाब्यावरून चहा आणतो," आणि त्याने जीप सोडवली. मी पुढचं छोटं चाक खाली घेतलं, टायरांना विटा लावल्या आणि पाय खाली करायला हँडल हातात घेतलं.

त्या क्षणी खंडेराव साहेब, निवृत्त डेप्युटी सेक्रेटरी, जवळ येऊन म्हणाले, "दत्तात्रय, ही मेंटेन कशी करता तुम्ही?"

आजवर हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मी डब्यांमधल्या टॉवेलपासून सुरुवात केली. पाय खाली करायला मी विसरलो, असं माझे विरोधक म्हणतात. ते खोटं आहे. ते काम मी पुढील कार्यवाहीसाठी ठेवलं होतं. मी टायरच्या वयापर्यंत पोचलो तोवर आत सगळं महिला मंडळ शिरलं होतं. आणि वाण मागच्या कपाटात, म्हणून हेमांगी मागे, हेमांगी मागे म्हणून सगळ्या मागे.

आतून आवाज आला, "नाव घे! नाव घेतल्याशिवाय वाण नको आम्हाला!"

हेमांगीचा उखाणा बाहेर स्पष्ट ऐकू आला.

"थंडीच्या धुक्यात तिळगुळाची गोडी,
चाकांवरच्या घराला भावाची गाडी,
काला अंबला येऊन बिडाचे तवे लुटते,
दत्तात्रयरावांचं नाव घेऊन आता मी उठते!"

टाळ्या झाल्या, ऐकायला पुढेच थांबलेल्या दोघी-तिघी मागे सरकल्या, आणि कॅरॅव्हॅन उठली. म्हणजे तिचं पुढचं टोक उठलं. मागचा भाग कर्र करत जमिनीवर बसला. मी जीपला जोडायचा पुढचा दांडा पकडायला झेपावलो आणि दांड्याबरोबर वर गेलो. माझे पाय जमीन सोडून लोंबकळू लागले. मी दांडा सोडला नाही. सोडता आला नाही असं काही जण म्हणतात, कारण स्वेटर हुकात अडकला होता. पण मी सोडला नसताच. आत माझी बायको होती आणि मला खरोखर भीती वाटत होती.

मफलर गुंडाळलेला एक हरियाणवी म्हातारा शांतपणे खाली येऊन उभा राहिला. "भाई, यो के करण लाग रह्या सै?"

"बैलेंस!" मी वरून ओरडलो. त्याने पोरांना बोलावलं आणि सगळ्यांनी मोबाइल काढले.

आतून हेमांगीचा आवाज आला. तिने मला इतकी वर्षं ज्या आवाजाने चालवलंय, तोच. "कुणी धावायचं नाही! आधी तवे पुढे द्या, हातोहात."

"तवे?" सुहासिनीकाकूंचा आवाज. "मला वाण मिळालंय. घेतलेलं वाण परत देत नाहीत गं."

"शास्त्र आहे ते," दुसरी म्हणाली.

"सणावारी अपशकुन नको," तिसरी म्हणाली.

मी वर लटकत होतो आणि आत शास्त्रार्थ चालू होता. माझी बोटं सुटत आली होती. हेमांगी म्हणाली, "परत नका देऊ, काकू. तुमच्या पुढे बसलीय ना, तिला तुम्ही कुंकू लावा आणि तुमच्याकडून वाण द्या. तिने तिच्या पुढच्या बाईला द्यायचं!"

हे सगळ्यांना पटलं. हळद, कुंकू, तवा. हळद, कुंकू, तवा. प्रत्येक तवा यथासांग पूजा होत एकेक बाई पुढे येत होता. एकीने तर मधेच पुन्हा नाव घ्यायचा आग्रह केला. मी ओरडलो, "वहिनी, मनातल्या मनात घ्या!" हळूहळू तवे पुढे जमले, त्यांच्यामागून बायका पुढे आल्या आणि दांडा खाली येऊ लागला. माझे बूट जमिनीला टेकले. मग धप्पकन सगळंच टेकलं, मीही.

जीप आली. अंशुमन चहाची किटली घेऊन उतरला, मागचे वाकलेले लोखंडी पाय पाहिले, मला गवतात पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला. "ताई, पार्टीला लावू फोन?"

"लावून बघ!" मी बसल्या जागेवरून म्हणालो. "मोडली तरी माझी आहे. भंगारात झोपेन, पण चापला देणार नाही." आवाज मोठा होता, पण नजर दाराकडे होती. शोभा झाली होती. शब्द दिला होता.

हेमांगी बाहेर आली. कपाळभर कुंकू पसरलं होतं, केसांत हळद होती. ती काही बोलणार तोच मागून सुहासिनीकाकू डोळ्यांतलं पाणी पुसत उतरल्या. ते हसण्याचं होतं. "इतक्या वर्षांत असं हळदीकुंकू झालं नाही गं! पुढचं माझ्याकडे. ह्याच्यातच, पण माझ्या दारात." तिसऱ्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "त्यानंतर आमच्याकडे!"

हेमांगीने सगळ्यांकडे पाहिलं, मग भावाकडे. "अंशू, मोबाइल ठेव खिशात. विकायची नाही."

मी जिंकलो. हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो.

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे आमची कॅरॅव्हॅन सध्या दिल्लीभर मराठी घरांच्या दारोदारी जाते. शेजारच्या तमिळ मामीही एकदा येऊन गेल्या आणि आता ती हलवा असं म्हणत नाहीत. फक्त मागचे दोन पाय वाकलेत आणि तसले नवे कुठे मिळेनात. तोवर मागे विटांचा थर लावू असं मी सुचवलं होतं. हेमांगी म्हणाली, "विटा कशाला? तुम्ही आहात की."

म्हणून हे सगळं मी पुढच्या दांड्यावर बसून लिहितो आहे. कुणीही मला इथून हलवू शकत नाही. हलवलं तर कॅरॅव्हॅन मागे बसते. आत नावं घेणं चालू आहे, आणि आत्ताच खिडकीतून हेमांगीने डोकं बाहेर काढलं.

"अहो, आज बायका जास्त आल्यात. तुम्ही एकटे पुरायचे नाही. हे चार तवे घ्या मांडीवर."