लोटन शिंप्याची आखाजी

एका साली आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, सण उलटून बरेच दिवस झाले, तरी नंदुरबारच्या लोटन शिंप्याची आखाजी काही संपेना. खानदेशात या सणाला लेकी माहेरी जाऊन झोके घेतात आणि पुरुष उजळ माथ्याने पैसे लावून पत्ते कुटतात. सणापुरती कुणी हरकत घेत नाही. लोटनची बायको गुलाबबाई रनाळ्याला माहेरी गेली होती. तिला आणायला जायचं सोडून हा गडी रोज डावावर हजर. कुणी हटकलं की म्हणायचा, "आखाजी शे ना, भाऊ!"

पत्ते डोक्यात आणि कात्री हातात, मग व्हायचं तेच झालं. एका नवरदेवाच्या कोटाला त्याने दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. नवरदेवाने कोट घातला, तर उजवा हात पाठीकडेच वळे.

"आते नवरीले माळ कशी घालू मी?" तो रडकुंडीला आला.

लोटनला एकदम घर खायला उठलं. गुलाबबाई असती तर आधी पोट धरून हसली असती आणि मग उसवायला बसली असती. कोट बगलेत मारून, शेजाऱ्याची बैलगाडी मागून त्याने रनाळं गाठलं.

बाकीच्या लेकी केव्हाच सासरी गेल्या होत्या. लिंबाच्या झोक्यावर गुलाबबाई एकटीच होती, तीही हिरमुसलेली.

"चाल, तुले लेवाले उनू," न्यायला आलेला लोटन म्हणाला.

"आखाजी सरनी का तुम्हनी?" संपली का एकदाची, असं तिने विचारलं.

सासरे प्रेमचंदबुवा ओट्यावरून गरजले, "जवाई, तुम्हनी आखाजी चालू शे तवलोंग आम्हनी लेक माहेरले! रीतच शे ती."

"रोजना सण, तो सण नही, रोग शे," गुलाबबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "वाट दखी दखी थकनू मी."

"सरनी वं, आखाजी," लोटन पुटपुटला.

"कोनी सांगं?"

"ह्या कोटनी सांगं."

बाह्या पाहून गुलाबबाई हसता हसता झोक्यावरून पडायचीच राहिली. तिने तिथेच सुई मागवली.

बाही उसवून होते न होते तोच गल्लीतून हाक आली, "प्रेमचंदबुवा, डाव मांडेल शे!"

"उनू, उनू!" बुवा पागोटं सावरत निघाले.

ते पाहून सासूबाईंनी बोचकं बांधलं आणि लेकीच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. त्यांचं माहेर नंदुरबारचंच.

"कोठे चालनी?" बुवा थबकले.

"माहेरले. तुम्हनी आखाजी चालू शे ना!"

गाडी निघाली. डाव तसाच टाकून बुवा अनवाणी मागे धावत सुटले. "सरनी वं, सरनी!"

सासूबाईंनी वळून पाहिलं नाही. पदराआड हसत त्या लोटनच्या कानाशी वाकल्या.

"हाका, जवाई. पन धीरे हाका. तेस्ना गुडघा दुखतस."