हळहळ विभाग

एकावर एक फुकट मिळणारे शर्ट ज्या कारखान्यात शिवले जात, त्याचं छप्पर एका दुपारी कोसळलं. आत बाया होत्या. ते शर्ट विकणाऱ्या दुकानाच्या व्यवस्थापनाने घटनेची गंभीर दखल घेतली, कारण गिऱ्हाईक शर्ट हातात धरून घुटमळू लागलं होतं आणि मागे रांग तुंबत होती.

उपाय म्हणून हळहळ विभाग स्थापन झाला. शर्ट निवडावा, खिडकीशी जावं, ‘अरेरे’ म्हणावं, शिक्का घ्यावा, मग पैसे भरावेत. लोकांना हे भलतंच आवडलं. पूर्वी एक जोडी नेणारे आता मन हलकं झाल्यामुळे तीन-तीन नेऊ लागले.

पण अरेरे म्हणायलाही वेळ लागतो हो, आणि सज्जनांना नेहमीच घाई असते. म्हणून गिऱ्हाइकांच्या वतीने हळहळायला एक बाई नेमण्यात आली. ती त्याच कारखान्यात काजं करायची. छपराखाली तिच्या उजव्या हाताची बोटं चेचली होती. शस्त्रक्रिया झाली तर हात पुन्हा मशीनवर चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“साहेब, माझ्या हातासाठी मीच हळहळायचं?” तिने विचारलं.

“अनुभवी माणूस हवं होतं, बाई,” व्यवस्थापक म्हणाले. “आणि जरा मनापासून म्हणत जा. पगार त्याचाच आहे.”

पगार असा की पोट भरलं की संपला. शस्त्रक्रियेसाठी काही उरेना. दर महिन्याला चार शर्ट नेणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना हे कळलं आणि त्यांचं पित्त खवळलं. त्यांनी दुकानातच ग्राहकांची सभा घेतली.

“जखमी बाईला इतक्या तुटपुंज्या पगारावर राबवता? लाज वाटली पाहिजे.”

“वाटते ना,” व्यवस्थापक नम्रपणे म्हणाले. “पगार वाढवतो. शर्टामागे एका बटणाएवढी किंमत चढेल.”

सभेत चुळबुळ सुरू झाली. कुणी चष्मा पुसू लागलं, कुणाला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला.

“प्रश्न किमतीचा नाहीच. तत्त्वाचा आहे. शोषण म्हणजे शोषण. ते ताबडतोब थांबवा.”

ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईचं शोषण थांबवून तिला घरी पाठवण्यात आलं.

“मग माझ्या हाताचं काय?” जाताना तिने रांगेतल्या मुख्याध्यापकांना गाठून विचारलं.

“तुमच्याच भल्यासाठी भांडलो, बाई,” ते दुखावल्या आवाजात म्हणाले. “जरा बाजूला होता का? माझा नंबर आलाय.”

तर जागा रिकामी आहे. पगार नाही, त्यामुळे शोषणाचाही प्रश्न नाही. मनापासून वाईट वाटणे आणि त्यानंतर काहीही न करणे, एवढी पात्रता पुरे. इथपर्यंत वाचलेल्यांची मुलाखत घेण्याचं कारण दिसत नाही. उद्यापासून रुजू व्हावं. गणवेश मिळणार नाही. अंगात आहे तो शर्ट आमच्याच दुकानातला आहे.