रिकामे बूट पाठवायचे नसतात

बुधवारी दुपारी हाज्जा वस्फिया बैठकीच्या खोलीत मधोमध फतकल मारून बसली होती आणि तिच्यापुढे एक खोकं होतं. बाहेर गल्लीतून गॅसवाल्याची गाडी आपलं तेच ते गाणं वाजवत चालली होती. नजाह शाळेतून आली, खोकं बघून दारातच थबकली.

"आई, परत सुरू केलंस?"

"काय सुरू केलं? बूट परत पाठवतेय. दोन नंबर मोठे आहेत. आईचा पाय केवढा, हे तुझ्या भावाला ठाऊक नाही. बायकोचा बरोब्बर ठाऊक असेल."

बहजत लग्न झाल्यापासून मेलबर्नला होता. आईची आठवण आली की तो वस्तू पाठवी. या खेपेला त्याने लोकरीचे बूट, एक थर्मास आणि विमानप्रवासात मानेभोवती घालायची उशी पाठवली होती. हाज्जा आयुष्यात आपलं इर्बिद शहर सोडून अम्मानपलीकडे फारशी गेली नव्हती, आणि विमान तिने हजला जातानाच काय ते पाहिलं होतं. थर्मास गळका निघाला. उशीने मान अवघडली. तेव्हा तिन्ही वस्तू साभार परत चालल्या होत्या.

"मग नुसत्या पाठव," नजाह म्हणाली.

हाज्जाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू घरातल्या नवरीला अनवाणी सासरी धाडायला सांगितलं होतं. "शेजारणीची थाळी मी कधी रिकामी परत केलीय?"

"ही थाळी नाहीये. बूट आहेत."

"आत पोकळ आहेत ना? मग थाळीच."

नजाह मुलांना भूगोल शिकवायची. पण या शास्त्रापुढे तिचं काही चालत नसे.

"उभी काय राहिलीस? चिकटपट्टी घेऊन ये," हाज्जा म्हणाली. "रुंदवाली."

नजाह पुटपुटत गेली आणि पट्टी घेऊन आली, तोवर खोकं बंद झालं होतं आणि झाकण दबावं म्हणून हाज्जा स्वतः त्यावर बसली होती.

"आत खायचं काही नाही ना?"

"तोबा, तोबा! बूट, थर्मास, उशी. लिही."

नजाहने लिहिलं. पाठवणाऱ्याचं नाव मात्र हाज्जाने स्वतः घातलं, कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारख्या अक्षरात. रात्री मसूरचं सूप झालं. सुपात मीठ कमी पडल्याबद्दल नजाहने बोलणी खाल्ली, टीव्हीच्या आवाजावरून दोघींची नेहमीची लढाई झाली, आणि नेहमीप्रमाणे हाज्जा जिंकली.

पहाटेच्या नमाजाला ती उठली नाही.

लोक सांत्वनाला आले, कडू कॉफी प्याले, गेले. सांगायचं होतं ते सगळं मामाने सांगितलं: मेलबर्नला त्यानेच फोन केला, शाळेत त्यानेच कळवलं, शेजारपाजार त्यानेच उरकला. ते वाक्य उच्चारायची वेळ नजाहवर आली नाही, आणि तिने ती येऊही दिली नाही. कुणी दारात आलं की ती चहा टाकायला आत जाई.

बहजतचे तिथे राहण्याचे कागद अडकलेले होते. देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर पुन्हा आत येता आलं नसतं. फोनवर त्याने विचारलं, "आईने काही पाठवायला काढलं होतं का?"

"खोकं बांधून ठेवलंय."

"तसंच पाठव, नजाह. तिने बांधलंय तसं. तिच्या नावाने. उघडू नकोस."

"नाही उघडत," नजाहने शब्द दिला.

पोस्टात पार्सलच्या खिडकीपाशी नायेफ नावाचा कारकून बसे. खोक्यावरचं कोंबडीचं अक्षर पाहताच त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"हाज्जा वस्फिया! तरी म्हटलं, इतके दिवस शांततेत कसे चाललेत. तू कोण?"

"मुलगी."

"अच्छा, म्हणजे आता मुलीला पुढे केलं. आत काय आहे, ताई?"

"बूट, थर्मास, उशी."

"आणि बुटात?"

"बुटात काय असणार? काही नाही."

नायेफने कात्री उचलली.

"उघडू नका!" नजाह एवढ्या जोरात म्हणाली की रांगेतले सगळे वळले.

"ऑस्ट्रेलियाचं पार्सल मी न उघडता पुढे ढकललं तर माझीच बदली ऑस्ट्रेलियाला होईल," नायेफ म्हणाला आणि त्याने पट्टी कापली.

बुटातून जमीद निघालं: ताकाचे खारवून उन्हात दगडासारखे वाळवलेले पांढरे गोळे, उजव्या बुटात आणि डाव्याही बुटात, पार चवड्यापर्यंत ठासलेले. थर्मासात झातर होता, तीळ घालून कुटलेला रानओव्याचा मसाला. उशी नायेफने दाबली तर ती कुरकुरली. टाका उसवला, तेव्हा आतून वाळवलेल्या मुलुखियाच्या भाजीचा हिरवा चुरा भुरुभुरु टेबलावर सांडला.

"दुधाचे पदार्थ चालत नाहीत," नायेफ एकेक वस्तू बाजूला काढत म्हणाला. "बी चालत नाही. पाला चालत नाही."

"जमीद म्हणजे दूध कुठे?" मागून उम्म तैसीर म्हणाली. ही बाई पासपोर्टच्या कामाला आली होती, पण आता तिला पासपोर्टची घाई उरली नव्हती. "दूध होतं तेव्हा होतं. आता बघ, भिंतीत बसवशील तर भिंत उभी राहील."

"मग बांधकामाचं साहित्य म्हणून पाठवू?"

"पाठव की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

नायेफने बूट उलटे केले. तळव्याला लाल माती होती. बूट मोठे असूनही हाज्जा ते एकदा घालून जैतुनाच्या बागेत जाऊन आलीच होती. "मातीही चालत नाही," तो म्हणाला आणि फडकं शोधू लागला. नजाहने बूट त्याच्या हातून काढून घेतले आणि छातीशी धरले.

"हे बघा, नायेफभाऊ," ती आवाज शक्य तितका खाली आणत म्हणाली, "दर वेळी जातं ना हे सगळं? भावाला मिळतं. फोनवर सांगायचा तो. मागच्या ईदला या जमीदमध्ये मटण शिजवून मन्सफ केला, पाहुणे बोटं चाटत गेले म्हणून."

नायेफने उम्म तैसीरकडे पाहिलं. उम्म तैसीरने छताकडे पाहिलं.

"ताई, बोटं चाटली ती आमच्या साहेबांनी," नायेफ म्हणाला. "मन्सफ माझ्या घरी झाला होता."

"काय?"

"एक गोळासुद्धा कधी या खिडकीपलीकडे गेला नाही. मी काढायचो, ती मला शिव्या घालायची, आणि मग सगळं इथेच वाटून टाकायची. मला, साहेबांना, रांगेत असेल त्याला. रिकामे डबे तेवढे ऑस्ट्रेलियाला."

"मला दोनदा झातर मिळाला," उम्म तैसीर म्हणाली. "चव होती हं त्याला. सुमाकची आंबट पूड जरा सढळ हाताने."

सुमाक नजाहने घातलं होतं. झातर तिने कुटला होता. जमीदचे गोळे गच्चीवर तिनेच वळले होते, हात सोलवटेपर्यंत. बहजतला काही मिळत नव्हतं हे बहजतला ठाऊक होतं. काही जात नव्हतं हे आईला ठाऊक होतं. दोघं फोनवर एकमेकांना 'छान झालं होतं' आणि 'पुढच्या वेळी जास्त पाठवते' सांगत राहिली, आणि मधल्या मध्ये ही गोळे वळत बसली. तिला इतका राग आला की क्षणभर घरी जाऊन आईला जाब विचारायचं तिने पक्कं केलं.

"मग ती भरायची कशाला?"

"मीही विचारलं एकदा. म्हणाली, रिकामं पाठवलं तर लाज माझी. तू काढलंस तर पाप तुझं." नायेफ हसला. मग त्याने एक कागद पुढे सरकवला. "आता सामान बदललं, तेव्हा पाठवणाऱ्याची सही लागेल. इथे."

"मी करते."

"तू वस्फिया आहेस? खोक्यावर जिचं नाव, तिची सही. तिला पाठव उद्या."

"तिला जमणार नाही."

"परवा पाठव."

"परवाही नाही."

"आजारी आहे का ग?" उम्म तैसीरने विचारलं.

"नाही. आता नाही."

"मग गावाला गेलीय?"

नजाह खिडकीच्या गजाकडे बघत राहिली. तिथे चहा टाकायला आत जाण्याची सोय नव्हती. "घरी नाहीये ती," ती म्हणाली.

"म्हणजे मुलाकडे गेली!" उम्म तैसीरने टाळी वाजवली. "ऑस्ट्रेलियाला! बघा, मला पत्ता नाही."

"ती तिकडे गेली असेल तर हे सामान मागून कशाला?" रांगेतला एक म्हातारा म्हणाला. "स्वतः नाही का न्यायचं?"

"अहो, विमानात गोळे घेऊ देत नसतील."

"घेऊ देतात. माझ्या मेव्हण्याने नेले."

"तुमच्या मेव्हण्याचं काय सांगता, तो तर—"

"हाज्जा कुठेही गेलेली नाही," नायेफ ठामपणे म्हणाला. "मी ओळखतो तिला. मागच्या वेळी मी जरा जास्त बोललो. हाज्जा, हे वय आहे का तुझं फसवाफसवी करायचं, असं म्हणालो सगळ्यांसमोर. तेव्हापासून रुसलीय ती." त्याने आतून एक खुर्ची ओढत आणली आणि खिडकीशेजारी ठेवली. "ही तिचीच खुर्ची. इथे बसून मला शिव्या द्यायची. तिला सांग, नायेफ चुकला. उद्या ये म्हणावं, मरमियाचा पाला घालून चहा सांगतो. हे सगळं परत भरू दे तिला, मी परत काढीन, पण तू स्वतः ये म्हणावं. तुझ्याशिवाय या खिडकीला मजा नाही."

रांग आता उद्याचा चहा किती जणांना सांगायचा यावर बोलू लागली होती. नजाह बूट धरून उभी होती. खुर्चीची बैठक मधोमध खोल गेलेली होती.

"नायेफभाऊ," ती म्हणाली. आवाज मोठा निघाला. "ती रुसलेली नाही. माझी आई वारली."