पासपोर्टातली धोंडूबाई

मृणालीनं पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं, केसरीनाथांकडे पाहिलं, त्यांच्या शेजारी बसलेल्या कमळबाईंकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "काका, ह्या धोंडूबाई कोण?"

"आमची म्हातारी."

"म्हणजे?"

"मना जल्म दिला तिनं."

"मग इथं पत्नी म्हणून त्यांचं नाव कसं?"

केसरीनाथांनी खिशात चष्मा चाचपला. तो घरी राहिला होता. कमळबाईंनी पदर सावरला. "आन माझं नाव कुठं हाय?"

"तुमचं आईच्या जागी आहे, काकू."

धामणकर नाक्यावरच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात बुकिंगचं काम मृणाली बघायची. तिनं पासपोर्ट दोघांपुढं सरकवला.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून भाविकनं, त्यांच्या मुलानं, आईबापांसाठी बोटीची सहल ठरवली होती. सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंड करून परत. केसरीनाथांना पासपोर्टचा खटाटोप मुळातच पटला नव्हता. "पाण्यावरूनच जायचं ना? जल्मभर खाडी पार केली, कुणी कागद मागला न्हाय," असं ते म्हणत होते. पण बोटीतून उतरलं की नवा देश, आणि देश आला की पासपोर्ट, हे मृणालीनं त्यांना तीनदा समजावलं होतं.

गोंधळ निजामपुऱ्यात झाला होता. पासपोर्टचे अर्ज भरून देणाऱ्या एजंट हिरामणचं ऑफिस यंत्रमागाच्या कारखान्याला लागून. त्या खडखडाटात त्यानं विचारलं, "आयचं नाव?" आणि भाविकच्या जन्मापासून सारं घर कमळबाईंनाच आय म्हणत असल्यामुळे केसरीनाथांनी सांगितलं, "कमळ." मग त्यानं विचारलं, "घरवाली?" घर कुणाचं, याबद्दल केसरीनाथांच्या मनात कधीच शंका नव्हती. ते म्हणाले, "धोंडूबाई." आणि चष्म्याशिवाय सही केली.

कमळबाईंनी मात्र आपली उत्तरं दोन-दोनदा ओरडून सांगितली होती. धोंडूबाईंनीसुद्धा. कारण फोटो काढायला गाडी निघालीय म्हटल्यावर ऐंशी वर्षांच्या धोंडूबाई सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या होत्या आणि उतरायला तयार नव्हत्या. म्हणून एकाच फेरीत तिघांचे पासपोर्ट झाले होते.

"एका केबिनमध्ये नवरा-बायको म्हणून बुकिंग आहे," मृणाली म्हणाली. "व्हिसाला अडेल हे. दुरुस्त करून घ्या."

केसरीनाथांनी त्याच दिवशी पासपोर्ट दुरुस्तीला दिला. दिल्यावर कळलं की लग्नाचा दाखला लागतो आणि तो आणेपर्यंत पासपोर्ट परत मिळत नाही. लग्न अंबाडीच्या पुढं, मांडवात झालेलं. भटजी वारलेले. पत्रिका छापलीच नव्हती. लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत कमळबाईंची मान इतकी खाली होती की ती नवरी कुणाचीही बायको असू शकली असती.

विवाह नोंदणीचा क्लार्क तो फोटो बराच वेळ उलटसुलट बघत राहिला. "लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार आणा," तो म्हणाला. "वधू-वर समक्ष पाहिजेत. बारा तारीख, सकाळी अकरा."

"बाराला तर बोट सुटते."

"त्याच्या आधी तारीख नाही. ही चुकली तर दोन महिने थांबा."

घरी येऊन केसरीनाथ ओटीवर आडवे झाले. पैसे परत मिळणार नव्हते. फक्त एक सवलत होती, केबिनमधलं एक नाव बदलता येत होतं. पण नव्या माणसाकडे तयार पासपोर्ट हवा. भाविकनं सगळ्या नातेवाइकांना फोन करून पाहिले. कुणाकडे पासपोर्ट नव्हता. शेवटी आतून धोंडूबाईंचा आवाज आला, "माझा हाय ना."

भाविकनं केबिनमधून बापाचं नाव काढून आजीचं घातलं.

"अगं पण बारा तारखेला आपलं लगीन हाय," केसरीनाथ कमळबाईंना म्हणाले.

कमळबाई बॅगेत लुगडी भरत होत्या. "न्हाय झालं तरी चालंल. पस्तीस वर्सं तशीच काढली."

"मी एकटा काय करू तिथं?"

"साक्षीदार हायेत ना तीन."

अकरा तारखेला दोघी विमानात बसल्या. विमानतळाच्या दारावर केसरीनाथांना शिपायानं बाहेरच थोपवलं. धोंडूबाईंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या सामानाच्या ढकलगाडीवर बसल्या होत्या आणि कमळबाई गाडी ढकलत होत्या.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ इस्त्रीचा सदरा घालून नोंदणीला गेले. क्लार्क दया करील, अशी भाविकला आशा होती. काळूराम, दामू आणि चांगदेव हे तीन साक्षीदार बाकावर बसून, लग्नात जेवण कमी पडलं होतं का, यावर वाद घालत होते. लग्नातलं दुसरं काही त्यांना आठवत नव्हतं.

क्लार्कनं नाव पुकारलं. केसरीनाथ एकटेच पुढं झाले.

"वधू कुठंय?"

"बोटीवर."

"कसल्या बोटीवर?"

"सिंगापूरच्या."

क्लार्कनं पेनचं टोपण लावलं. मग अर्जाला जोडलेली पासपोर्टची झेरॉक्स त्याच्या नजरेला पडली. त्यानं शेवटचं पान वाचलं, परत वाचलं आणि चष्म्यावरून केसरीनाथांकडे पाहिलं.

"काका, कागदावर तर तुमची बायको दुसरीच आहे. ह्या धोंडूबाई कुठं असतात?"

केसरीनाथांनी मागं वळून तिन्ही साक्षीदारांकडे पाहिलं. तिघांनीही माना खाली घातल्या.

"ती पन तिकडंच गेली, साहेब," ते म्हणाले. "दोघी एकाच केबिनमदी हायेत."