मोटर बंद आहे

आमच्या सासुरवाडीत माझ्या फोनला जेवढा मान आहे, तेवढा मला गेल्या पंचवीस वर्षांत मिळालेला नाही! आष्ट्याला पोचलो की मंडळी आधी फोन हातात घेऊन उलटासुलटा करून बघतात, मग आठवण झाली तर मला पाणी विचारतात. फोन आहेच तसा. आयफोन! तो घेतला त्या दिवशी माया, म्हणजे आमची सौभाग्यवती, माझ्याशी दिवसभर बोलली नाही. हा फायदा जाहिरातीत कुठेच लिहिलेला नव्हता.

माझा मेव्हणा धनाजी याच्याकडे अँड्रॉइड. त्याच्या काचेवर इतके तडे की मी भूगोलाचा प्राध्यापक असल्यामुळे मला त्यात कृष्णा आणि तिच्या सगळ्या उपनद्या स्पष्ट दिसतात.

दोघांच्या फोनात एक ॲप मात्र सारखं. विहिरीवरची मोटर कुठूनही चालू-बंद करायचं! वर लिहून येतं, 'मोटर चालू आहे' नाहीतर 'मोटर बंद आहे'. खाली एकच गोल बटण. दाबलं की चालू असलेली बंद होते आणि बंद असलेली चालू. अडीअडचणीला असावं म्हणून धनाजीनंच ते माझ्याही फोनात घालून दिलं होतं.

"बघ धनाजी," मी दर भेटीत म्हणायचो, "दाबलं की उघडलं! तुझं चाक बघ अजून गरागरा फिरतंय."

"दाजी, माजा फोन जाऊन मोटरीला इचारून येतोय."

"आणि माझा?"

"तुमचा न इचारताच सांगतोय जनू!"

जळतात लोक! मी तिकडे दुर्लक्ष करायचो.

तर परवा धनाजीच्या मुलीची, राणीची, सुपारी होती. मुलगा विश्वजित, आटपाडीकडचा. दोघं सांगलीला एकाच कॉलेजात होते, त्यामुळे त्यांचं आधीच ठरलेलं. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. बिराप्पा! पिळदार मिशा, खांद्यावर घोंगडं, आणि चहा गार दिला म्हणून एक स्थळ मोडल्याची ख्याती. राणीनं मला सकाळीच कोपऱ्यात गाठलं.

"मामा, काय बी करा, पन आज त्यांचं डोस्कं फिराय नगं. लय मुश्किलीनं व्हय म्हनल्यात."

"अगं, मी आहे ना!" मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात ज्या-ज्या प्रसंगी उच्चारलंय, त्या प्रसंगांवर एक वेगळं पुस्तक होईल.

मंडप विहिरीजवळच्या मोकळ्या वावरात घातला होता. मागच्या बाजूला खांबावर मोटरची पेटी. शेतीची लाईट त्या दिवशी दुपारची होती आणि पेटीला ऑटो स्विच! म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. आणि आदल्या दिवशी भिजवलेल्या उसातला पाइप तसाच मंडपाकडे तोंड करून पडलेला. धनाजी खटका पाडायला पेटीकडे निघाला, तर मीच त्याला अडवलं.

"नव्या कपड्यानं त्या कळकट पेटीला हात लावतोस? मोटर सुरू झाली की मी इथनं बंद करतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत!"

"नक्की दाजी?"

"हा फोन आहे, धनाजी. खेळणं नव्हे."

तेवढ्यात पाहुण्यांची दुसरी गाडी रस्ता चुकल्याचा निरोप आला आणि धनाजी ती आणायला मोटारसायकलवरून गेला. ऊन मी म्हणत होतं. मी माझा नवा ब्लेझर काढून मागच्या खांबावर अडकवला आणि बिराप्पांच्या शेजारी, पाय पसरून, जबाबदार माणसासारखा बसलो.

थोड्या वेळानं बिराप्पा म्हणाले, "पावणं, पायाला गार लागतंय."

मी खाली पाहिलं. गालिचाच्या कडेनं पाणी सळसळत येत होतं! मी झटकन फोन काढला, ॲप उघडलं. पापणी लवायच्या आत उघडलं! वर स्वच्छ लिहिलं होतं: मोटर बंद आहे.

"मोटर बंद आहे," मी जाहीर केलं.

"मग ह्ये पानी कुठलं?"

पाणी उताराकडे वाहतं, हे मी कॉलेजात आयुष्यभर शिकवत आलोय. मी चढाकडे पाहिलं. तिकडे शेजारच्या शेतकऱ्याची, शमशेरभाईंची, हळद! मग काय? मी दोन तरुणांना त्यांच्याकडे पिटाळलं. शमशेरभाई धोतराचा, आय मीन लुंगीचा, सोगा सावरत चिखलातून तरातरा आले. सुपारीला बोलावलेला माणूस आरोपी म्हणून येत होता!

"कोन म्हनतंय माजं पानी? आवं, माजी मोटर जळून आठ दिस झालं! हळद माजी वाळाय लागलीया आन तुमी मलाच पान्याचं बोल लावताय व्हय?"

"पण आमची तर बंद आहे!" मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "वाचा!"

शमशेरभाईंनी वाचलं. मग कान टवकारले. विहिरीकडून घर्रर्र आवाज येत होता.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "तुमचा फोन खरा, का माजं कान?"

प्रश्न अवघड होता. इकडे पाणी घोट्यापर्यंत आलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय मातीत रुतू लागले आणि पाहुणेमंडळी एकेका बाजूला कलायला लागली. मुलाच्या आत्याबाई तर खुर्चीसकट इतक्या संथपणे मागे गेल्या, की पडेपर्यंत त्यांचं "आगं, आगं" चालूच होतं! राणीनं दुरूनच माझ्याकडे असं पाहिलं की मी दचकून फोनकडे पाहिलं. माया ओरडली, "अहो, दादाला फोन केलाय! तो बंद करतोय!"

आणि खरंच घरघर थांबली. धनाजीनं वाटेतूनच दाबलं होतं. पण नेमक्या त्याच क्षणी माझ्या स्क्रीनवर अक्षरं बदलली: मोटर चालू आहे!

"सापडली!" मी ओरडलो आणि बटण दाबलं.

घर्रर्र!

मला काही कळेना. स्क्रीनवर अजून 'चालू'च. तिकडे धनाजीनं पुन्हा बंद केली. इकडे 'चालू'च दिसतेय म्हणून मी पुन्हा दाबलं. त्यानं दाबली. मी दाबली. मोटर बिचारी उचकी लागल्यासारखी घर्र, थप्प, घर्र, थप्प करायला लागली आणि पाइपातून पाण्याच्या चुळांमागून चुळा मंडपात! धनाजी मला 'हात लावू नका' सांगायला फोन करत होता, मी त्याला 'तू लावू नकोस' सांगायला, आणि दोघांनाही एक बाई शांतपणे सांगत होती की समोरची व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. फोन ओल्या हातातून निसटला आणि बुडुक्‌!

"कुनी तरी पेटीचा खटका पाडा की मुडद्यांनो!"

हा आवाज आमच्या सासूबाईंचा. हरणाबाई. वय ऐंशीच्या घरात, आणि जावयांत त्यांचा लाडका दुसरा.

"आई, पेटी कुठाय?" मी आजूबाजूला पाहिलं. सकाळी तर होती!

सासूबाई पाण्यातून काठी टेकत मागच्या खांबाकडे गेल्या. त्यांनी काठीच्या टोकानं माझा नवा ब्लेझर उचलला. त्याच्याखाली पेटी होती. ब्लेझर पाण्यात सोडून त्यांनी खटका पाडला.

मोटर थांबली! ऐकू येत होतं ते फक्त टपटपणं. पाचपन्नास माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी माझ्या खुर्चीपासून पेटीपर्यंतचं अंतर बघत होतो. नुसता हात मागे केला असता तरी पुरलं असतं.

बिराप्पा उठले. राणीनं डोळे मिटले. मी पण मिटले.

"धनाजी कुठं हाय?"

धनाजी तेवढ्यात पोचलाच होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हात जोडलेले. "पावणं, चुकी झाली..."

"एवढं पानी हाय तुमच्याकडं?" बिराप्पा म्हणाले. पायाखालच्या पाण्याकडे ते असे बघत होते, जसं मी त्या फोनकडे दुकानात पाहिलं होतं. "भर उन्हाळ्यात? वाया घालवाया? आमच्यात टँकर आला तर मानसं हंडं घेऊन पळत्यात, गड्या!"

मागे वळून बघतो तर काय! त्यांच्याकडच्या दोन बायकांनी संधी साधून चहाची भांडी विसळायला घेतली होती, आणि आत्याबाई चिखलात बसल्या-बसल्याच तोंड धूत होत्या.

"सुपारी फोडा," बिराप्पा म्हणाले. "लगीन बी हितंच करायचं. पानी लय हाय. पन माजी एक अट हाय."

हुंडा मागतात की काय, म्हणून धनाजी पांढरा पडला.

"त्या दिवशी ह्या पावण्याच्या हातात फोन द्याचा न्हाई."

अट एकमतानं मंजूर झाली. माझी बायको सर्वांत आधी 'हो' म्हणाली.

संध्याकाळी मी ॲपवाल्या कंपनीला झापायला फोन लावला. फोन माझाच, पाण्यातून काढून पुसलेला. ठणठणीत चालत होता! पलीकडचा पोरगा फार अदबीनं बोलला.

"सर, आपलं ॲप आधी अँड्रॉइडसाठी केलंय. आयफोनसाठीचं नंतर घाईनं उरकलं. आयफोन मागे पडलेल्या ॲपला झोपवून ठेवतो, बॅटरी वाचावी म्हणून. ते उघडलं की आधी झोपण्यापूर्वीचं चित्र दाखवतो. ताजी माहिती आणायचं काम आपल्या ॲपचं. ते तिथं आळशी आहे."

"म्हणजे मला जे लगेच दिसायचं..."

"ते जुनं असायचं, सर."

"आणि माझ्या मेव्हण्याच्या फोनवर जे चाक फिरतं?"

"ते खरंच विचारून येतं."

मी फोन ठेवला. धनाजी शेजारीच बसला होता, पण तो काही बोलला नाही. न बोलायला किती मोठं मन लागतं ते मला त्या दिवशी कळलं. त्याचे खांदे मात्र गदगदा हलत होते.

ऑटो स्विच काढून धनाजीनं खटका पुन्हा वर केला होता आणि शेतीची लाईट आता सकाळची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याला घरी निवांत चहा घेत होतो, तोच फोन टिणटिणला. 'आपली मोटर चालू झाली आहे.' आदल्या दिवशीचा निरोप आज पोचला होता! हे मला कळलं. अगदी व्यवस्थित कळलं. पण ते कळायच्या आधीच माझ्या बोटानं बटण दाबलं होतं.

दोनच मिनिटांत धनाजीचा फोन.

"दाजी," तो अत्यंत शांतपणे म्हणाला, "मंडपवाल्यानं आत्ताच वावरात गालिचा वाळत घातला हुता."

मी ॲप उघडून पाहिलं. पापणी लवायच्या आत उघडलं.

वर स्वच्छ लिहिलं होतं: मोटर बंद आहे.