मातोश्री हरवल्या आहेत

गुरुवारी सकाळी आंघोळ करून कुंदाबाई देवघरात बसल्या, गोमुखीत हात घातला आणि हात तसाच बाहेर आला. जपाची माळ गोमुखीत नव्हती. आसनाखाली नव्हती, फुलांच्या परडीत नव्हती, देवांच्या मागेही नव्हती.

आता कुंदाबाईंचा गुरुवारचा नेम असा, की आंघोळीनंतर जप पुरा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही आणि पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, म्हणून तेही नाही. माळेशिवाय जप नाही, जपाशिवाय अन्नपाणी नाही. आणि माळ कुणी पाहिली का, असं विचारावं तर तोंड बंद. कुंदाबाईंनी हात जोडून देवाकडे पाहिलं. देव नेहमीसारखाच हसत होता.

बाहेर ओट्यावर त्यांचे यजमान भाईदास नाना मोबाईल घेऊन बसले होते. नाना शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते, पण शाळा काही नानांमधून निवृत्त झाली नव्हती. जळगावातल्या त्यांच्या कॉलनीचा 'स्नेहनगर परिवार' नावाचा ग्रुप होता, आणि त्यावर नानांची बारमाही परीक्षा चालू असे. कुणी लिहिलं, 'उद्या पाणि येणार नाही', तर नाना लिहीत, 'पाणी दीर्घ.' कुणी लिहिलं, 'प्लीज माझी मदत करा', तर नाना लिहीत, 'मला मदत करा. तुमची मदत तुमच्याजवळच आहे.' एका लग्नपत्रिकेतला 'आशिर्वाद' लाल शाईनं दुरुस्त करून त्यांनी पत्रिका परत पाठवली होती. लग्नाला मात्र गेले, कारण जेवणाच्या निमंत्रणात चूक नव्हती.

नानांची सून मोहिनी रावेरची. माहेरी केळीचे मळे. पण रावेरकडे 'ळ' कुणी फारसा वापरत नाही. तिथे केळी म्हणजे केयी, मळा म्हणजे मया आणि जळगाव म्हणजे जयगाव. लग्न होऊन आल्यावर नानांनी तिला रोज संध्याकाळी दिवेलागणीला शुभंकरोती झाल्यावर 'काळे बाळ तळ्याजवळ खेळले' म्हणायला लावलं होतं. तिचा 'ळ' चांगला बसला होता. फक्त घाईत तो सुटायचा.

आणि आज घाईच होती. बँकेत जायची वेळ झालेली. सासूबाईंनी रिकामी गोमुखी उलटी करून दाखवली, तशी मोहिनीला बिचारीला सगळं समजलं. तिनं चपला घालता घालता मोबाईल तोंडाशी धरला आणि बोलली. मोबाईलनं ऐकलं तसं लिहिलं: 'आईंची माय हरवली आहे. कोणाला दिसली तर सांगा.'

"नाना, हे एवढं ग्रुपवर टाका ना. मला उशीर होतोय."

नानांनी चष्मा वर सरकवला. "मोहिनी, 'माय'?"

"घाईत तसंच निघतं हो नाना. तुम्ही नीट करून टाका."

"करतो. लिहिताना प्रमाण भाषाच हवी. कितीदा सांगितलंय!"

मोहिनी रिक्षात बसली. रिक्षातूनच तिनं वरणगावला कुंदाबाईंच्या आईच्या शेजारणीला, कमलबाईंना, फोन लावला आणि माहेरच्या बोलीत म्हणाली, "मावशी, आजीले इचारा ना, जपाची माय हरवली तं काय करा लागते? आई उपाशी बसल्या आहे." मग बँकेत गेली आणि बँकेच्या नियमाप्रमाणे मोबाईल कपाटात गेला.

इकडे नाना त्या वाक्याला भिडले. 'माय' हा बोलीतला शब्द. लिखाणात 'आई' हवा. पण 'आईंची आई' म्हणजे पुनरुक्ती. शिवाय वडीलधाऱ्या बाईला 'हरवली' म्हणणं बरं दिसत नाही. आदरार्थी बहुवचन पाहिजे. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा जमलं: 'आमच्या सौ. कुंदाबाई यांच्या मातोश्री आज सकाळपासून हरवल्या आहेत. कोणास आढळल्यास त्वरित कळवावे.' ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, पूर्णविराम तपासले, पाठवलं. सगळं शुद्ध झालं, आणि मग नानांचं लक्ष अर्थाकडे गेलं.

"अरे देवा!" म्हणत ते आत धावले.

कुंदाबाई पलंगाखाली केरसुणी फिरवत होत्या. डोळ्यांत पाणी.

"अहो, आई तिथे कशा असतील?" नाना म्हणाले. मग त्यांना वाटलं, दुःखात माणूस कुठेही शोधतो. आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, "वरणगावहून निघाल्या होत्या का? कुणी काही कळवलंय का?"

कुंदाबाईंनी उजवा हात वर केला आणि मणी ओढावा तसा अंगठा मधल्या बोटावर फिरवला.

नाना पांढरे पडले. "पैसे? कुणी पैसे मागतंय?"

कुंदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

नानांनी तडक मेहुण्याला, सुकदेवला, फोन लावला. सुकदेव वरणगावला फॅक्टरीत कामाला. त्यानं घरी फोन केला. त्याची बायको म्हणाली, "आई मघाशी कमलबाईकडे म्हणून गेल्या. पण मी बघून आली, तिथं तर कुलूप आहे!" सुकदेवनं रजा टाकली, मोटारसायकल काढली आणि गावभर विचारत सुटला. म्हणजे सकाळी जे नुसतं व्याकरण होतं, ते दुपारच्या आत खरं झालं.

शेजारचे पुनाभाऊ धावत आले. पुनाभाऊ मूळचे धुळ्याकडचे, पिठाची गिरणी चालवायचे. मनानं चांगले आणि पायानं त्याहून चांगले.

"नाना, काय व्हयनं? तुमनी सासू कशी दिखस, सांगा मले."

"'कशी दिसते' म्हणा, पुनाभाऊ. नव्हे, 'कशा दिसतात'."

"तेच इचारी ऱ्हायनू ना मी तुमले!"

पुनाभाऊंनी फाटकापासून सुरुवात केली, गटारीच्या कडेकडेनं पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, भाजीबाजार पालथा घातला आणि घामाघूम होऊन परत आले. "बठ्ठी कॉलनी धुंडी उनू. आजी कोठेच नई."

तेवढ्यात ग्रुपवर कुणाचं तरी बोट घसरलं. त्या माणसानं संदेश वरवर वाचला असावा; 'मातोश्री' दिसलं आणि हात सवयीनं चालला: 'भावपुर्ण श्रध्दांजली.'

अशा वेळी दुसरा कुणी असता तर ओरडला असता. नानांच्या काळजाचंही पाणी झालं होतं, पण डोळ्यांना आधी जे दिसायचं तेच दिसलं. त्यांनी लिहिलं: 'भावपूर्ण. पू दीर्घ. श्रद्धांजलीमध्ये द ला ध जोडावा, ध ला द नव्हे.'

ग्रुपवर सगळ्यांनी तो संदेश पुन्हा वाचला. शब्द दुरुस्त केला, बातमी दुरुस्त केली नाही. म्हणजे बातमी बरोबर आहे. आणि मग एकामागून एक भावपूर्ण श्रद्धांजल्या यायला लागल्या. सगळ्या शुद्ध. स्नेहनगरच्या इतिहासात एवढं निर्दोष मराठी कधी लिहिलं गेलं नव्हतं.

दुपारी घरासमोर सतरंज्या पडल्या. नाना मागच्या खोलीत वरणगावला फोनवर फोन लावत होते. कुणी पाण्याचा जार आणला, कुणी खुर्च्या. बायका आत कुंदाबाईंना धरून बसल्या.

"रडून घ्या ताई, मोकळ्या व्हा."

कुंदाबाईंनी जोरजोरात मान हलवली.

"बघा, पटतच नाही बिचारीला!"

कुंदाबाईंनी पुन्हा अंगठा बोटावर फिरवला.

"दिवस मोजतेय हो. दहावं कधी येतं ते बघतेय."

"सकाळपासून शब्द नाही तोंडातून. धक्का बसलाय."

कुंदाबाईंना आता भूक, तहान आणि हसू ही तिन्ही एकदम आली. पण हसणंही बोलण्यातच धरायचं की कसं, हे नेमात स्पष्ट नसल्यामुळे त्यांनी पदर तोंडावर घेतला. बायकांनी सुस्कारा सोडला. "चला, रडल्या एकदाच्या."

एवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. नऊवारी नेसलेली एक ठेंगणी म्हातारी पिशवी सांभाळत उतरली, मागून कमलबाई उतरल्या. दारात माणसं बघून म्हातारी चपापली. रीत म्हणून डोक्यावरचा पदर सारखा करून सतरंजीच्या कडेला हळूच बसली आणि शेजारच्या बाईला विचारलं, "कोन गेलं व माय?"

"कुंदाबाईंच्या आई गेल्या."

"कोन्ती कुंदा?"

"अहो, या घरच्या. नानांच्या मिसेस."

म्हातारीनं जरा विचार केला. "तिले किती माया आहेत?"

"एकच असते ना हो!"

"मंग ते तं मी आहे," द्रौपदाबाई म्हणाल्या.

शेजारची बाई सतरंजीवरून सरकत सरकत ओट्याच्या खांबाला टेकली. गलका झाला. नाना बाहेर आले, सासूबाईंना पाहिलं आणि त्यांनी हात जोडले.

"आई! तुम्ही... तुम्ही हरवल्या होत्या ना?"

"मी? मी यष्टीनं आली. आधार कार्ड दाखोलं, फुकट आली. हरवासाठी टाइम कुठी आहे मले?"

"पण मोहिनी म्हणाली, माय हरवली!"

"हो ना! तेच आयकून तं आली मी."

"मग माय म्हणजे तुम्हीच की!"

"मी काहाले? मी हरवली असती तं मीच कशी येती पाह्याले? माय हो, जवाईबापू! माय! जपाची!" आणि द्रौपदाबाईंनी अंगठा मधल्या बोटावर फिरवला, लेकीनं सकाळपासून फिरवला होता अगदी तस्सा.

नाना खुर्चीवर बसले. मग बारीक आवाजात म्हणाले, "माळ."

"तेच तं म्हनते मी. माय."

कमलबाईंनी सुकदेवला फोन लावून शोध थांबवायला सांगितलं. द्रौपदाबाई मात्र तोवर आत गेल्या होत्या. देवघराच्या उंबऱ्याशी कुंदाबाई उभ्या होत्या, ओठ सुकलेले. आईनं त्यांना आसनावर बसवलं.

"नेम जपाचा धरला व्हता का मन्यांचा? मी सांगते तुले. आज करमायेवर कर."

मागून आलेल्या नानांनी हे ऐकलं आणि ते काळजीनं म्हणाले, "करमाळ्याला? आई, ते सोलापूर जिल्ह्यात आहे. ही आज उपाशीपोटी पोचायची नाही."

दारातल्या बायका फिस्सकन हसल्या. करमाळा म्हणजे बोटांच्या पेरांवर मोजायचा जप, हे त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. कुंदाबाईंनाही माहीत होतं. पण नेमातली सूट आपली आपण घ्यायची नसते. ती वडीलधाऱ्या माणसानं दिली तरच सूट, नाहीतर ती पळवाट. आईनं दिली. कुंदाबाईंनी डोळे मिटले, अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवला आणि जप सुरू केला. बाहेर गोळा झालेलं सगळं सुतक गप्प राहिलं.

जप संपला. आईनं पाण्याचा पेला पुढे केला. कुंदाबाई घटाघटा प्यायल्या आणि त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलल्या:

"अहो, एवढी माणसं उन्हात बसलीत, चहा तरी टाका कुणीतरी!"

हशा पिकला. पुनाभाऊ पुढे आले. "पन वहिनी, माय कशी व्हती तुमनी?"

"तुळशीची हो भाऊ. पिवळा गोंडा आहे तिला."

पुनाभाऊंनी खिशात हात घातला. पिठानं माखलेल्या रुमालातून तुळशीची माळ निघाली, पिवळ्या गोंड्याची. "हाई का? सकायमा तुमना फाटकजोडे पडेल व्हती. पहाटे फुलं तोडताना पदरले अडकनी व्हई. मी म्हन्तं, पहिले आजी सापडू द्या, मंग देसू."

सगळे पुनाभाऊंकडे बघायला लागले. पुनाभाऊ म्हणाले, "मना काय दोष? ग्रुपवर मातोश्री लिखेल व्हतं, माय नई."

नानांनी ती माळ घेऊन कुंदाबाईंच्या हातात दिली.

तोवर ग्रुपवर श्रद्धांजल्या येतच होत्या. कुणी तरी शोकसभेची वेळ विचारली होती. नानांनी घाईनं मोबाईल घेतला. "'मातोश्री सुखरूप असून'..."

"थांबा," चहाची बशी हातात घेऊन द्रौपदाबाई समोर येऊन बसल्या. "मातोश्री नको न् काही नको. मेली मी, तं बोलन बी मीच. मी सांगते तस्सं लिहा. एक अक्षर बदललं तं पाह्यजा!"

वर्गात नवा विद्यार्थी बसावा तशी नानांनी मान खाली घातली. द्रौपदाबाई सांगत गेल्या आणि नाना लिहीत गेले. प्रत्येक शब्दाला त्यांचं बोट थबकायचं, सासूबाईंची भुवई उठायची आणि बोट पुढे जायचं.

'मी हरवेल नही. मी मरेल नही. माय हरवेल व्हती ते सापडली. आता कोनी रडू नका, चहा प्याले या. द्रौपदाबाई.'

पाठवताना नानांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या नावानं एवढं अशुद्ध काही बाहेर जात होतं.

लगेच उत्तर वाजलं. प्रशीलचं. प्रशील नानांचा जुना, अतिशय हुशार विद्यार्थी. आता तो स्वतः धुळ्याला मराठी शिकवत होता, पण घर स्नेहनगरातच असल्यामुळे ग्रुपवर होता. त्यानं लिहिलं होतं: 'क्षमस्व सर. "मरेल नही" हा भविष्यकाळ झाला. आपल्याला "मेलेली नाही" असे म्हणायचे असावे. अर्थ पार बदलतो.'

नानांनी ते दोनदा वाचलं.

"काय म्हनतो तो?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

नाना खाकरले. "तो म्हणतो, 'मरेल नही' चुकलं. वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही यापुढे कधी मरणारच नाही. दुरुस्त करू का?"

द्रौपदाबाईंनी बशीतला चहा फुंकला, एक लांब घोट घेतला आणि बशी खाली ठेवली.

"राहू द्या जवाईबापू," त्या म्हणाल्या. "आहे तेच बरं आहे."